यंत्राचा पाहुणचार

आमच्या मामांना घाण दिसत नाही असं नाही. दिसते, आणि इतरांच्या आधी दिसते. फक्त ती दुसऱ्या कुणाला दिसली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. बंदरावरच्या विश्रामगृहात केअरटेकर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, आणि त्या जन्मात ते एकच गोष्ट शिकले. कुणी येणार असेल, तर तो यायच्या आत सगळं लख्ख झालं पाहिजे. येणारा कोण, कशाला येतोय, त्याला नेमकं काय बघायचंय, या चौकशा त्यांच्या मते केअरटेकरने करायच्या नसतात.

मी त्यांची सख्खी भाची. शिकायला म्हणून त्यांच्याकडे आले ती तिथेच राहिले, आणि आता बाजारातल्या औषधांच्या दुकानात काम करते. त्यामुळे मामांबद्दल वाईट बोलायचा पहिला हक्क माझा. बाकीच्या गावाने माझ्यामागे रांगेत उभं राहावं.

विश्रामगृह धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मध्ये कोळशाचा ढीग. आम्ही सवयीने ढीग म्हणतो, नवखा माणूस डोंगर म्हणतो. बोटीतून कोळसा उतरतो, उघड्यावर पडतो आणि ट्रकमधून कारखान्यांकडे जातो. ज्याला ट्रकमध्ये जागा मिळत नाही तो वाऱ्याबरोबर आमच्या घरी येतो. उडू नये म्हणून कंपनी ढिगावर पाण्याचे फवारे मारते, आणि ते पाणी काळं होऊन गटारातून खाडीत उतरतं. गावाला पाणी पुरवणारी विहीर खाडीच्या कडेलाच आहे, त्यामुळे हवेतून यायचा राहिलेला कोळसा नळातून येतो. कंपनी काही वाया घालवत नाही, हे मान्य करायला हवं. मासे तर हल्ली तव्यावर पडायच्या आधीच करपलेले दिसतात.

अशा ठिकाणी मामांनी विश्रामगृहाच्या चादरी पांढऱ्याशुभ्र ठेवल्या होत्या. हा त्यांचा पराक्रम. पाहुणा यायच्या दिवशी ते खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायचे, फरशी पुसायचे, अंगणात पाणी शिंपडायचे आणि अगदी शेवटी, पाहुण्याची गाडी फाटकात दिसली की चादर घालायचे. आधी घातली तर ती करडी व्हायची. नळाचं पाणी तुरटी फिरवून निवळायचं, तलम कापडातून गाळायचं, पुन्हा गाळायचं, मग काचेच्या जगमध्ये भरून झाकण ठेवायचं. मोठमोठे साहेब एक रात्र राहून जायचे आणि जाताना म्हणायचे, "इथली हवा छान आहे हो." मामांचा ऊर भरून यायचा. जणू ती हवा त्यांनीच सकाळी इस्त्री करून ठेवली होती.

विश्रामगृहाच्या मागे दोन खोल्यांचं घर, नोकरीबरोबर मिळालेलं. तिथे मामी शिवणकाम करायची. विश्रामगृहाचे पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, लोकांचे सदरे. हात सोन्यासारखा, पण पांढरं कापड शिवायला घेतलं की शिवून होईपर्यंत त्याचा रंग बदलायचा, आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. कापडाचं एक वेळ धुऊन निघतं. मामीच्या छातीचं तसं नव्हतं. ती घरातल्या घरात चार पावलं चालली तरी दम लागायचा, बोलताना वाक्य अर्धं सोडून श्वास घ्यायची. डॉक्टर म्हणाले, हवा बदला, नाहीतर गाव बदला. गाव बदलायचं तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर घर जाणार. म्हणून मामीने हवा बदलायचं मनावर घेतलं. दुसरी बाई असती तर नशिबाला बोल लावत बसली असती.

तिने गल्लीतल्या बायका गोळा केल्या. एकेकीच्या घरी कुणी ना कुणी खोकत होतंच. आमच्या दुकानात खोकल्याचं औषध पुढच्या फळीवर ठेवतात आणि बाकीचे आजार मागे, ते उगाच नाही. बायका कंपनीच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर गोड बोलला. मामीने त्याच्या टेबलावर एक पांढरं कापड पसरलं, दिवसभर खिडकीत ठेवलेलं, मधोमध काळं झालेलं. मॅनेजर म्हणाला, "ताई, याला शास्त्रीय आधार नाही." म्हणजे कोळसा आहे, काळा आहे, कापडावर आहे, पण अजून शास्त्रात यायचा आहे. मग बायका प्रदूषण खात्यात गेल्या. तिथे हेलपाटे घालून घालून मामीच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे खात्याने हवा मोजायचं यंत्र मंजूर केलं. वर्षभर मोजायचं. जोडीला पाण्याचे नमुने. हवा-पाणी वाईट निघालं तर कंपनीला ढिगावर छप्पर घालावं लागणार होतं आणि काळं पाणी शुद्ध केल्याशिवाय खाडीत सोडता येणार नव्हतं. चांगलं निघालं तर विषय कायमचा बंद.

यंत्र बसवायला उंच, सुरक्षित, वीज असलेली जागा हवी होती. अशी जागा गावात एकच, विश्रामगृहाची गच्ची.

मामीला आभाळ ठेंगणं झालं. "आता बघू कंपनी काय म्हणते," ती म्हणाली. मामांनाही आनंद झाला, तो वेगळ्या कारणाने. बायकोने इतक्या खटपटीने आणलेली वस्तू आपल्या हवाली झाली आहे, तिची कुठेही आबाळ होता कामा नये, असं त्यांनी घेतलं. गच्चीला लोखंडी शिडी होती. मामीला ती चढवत नव्हती, आणि किल्ली मामांच्या कमरेला. मी वर जाऊन बघू का म्हटलं तर म्हणाले, "सरकारी वस्तू आहे. पायाची धूळ नको."

खात्याचा एक माणूस ठरावीक दिवशी यायचा. त्याला आम्ही कागदवाला म्हणायचो, कारण यंत्रात एक पांढरा कागद असायचा. यंत्र हवा ओढून घेतं, हवेतली घाण त्या कागदावर बसते, आणि प्रयोगशाळेत कागदाचं वजन करतात, असं त्याने पहिल्याच दिवशी मामांना समजावून सांगितलं. एखादा कागद फाटला-बिटला तर असावेत म्हणून तो कागदांचं खोकं मामांकडेच ठेवून गेला. मामांनी मान डोलावली. मामा मान डोलावतात तेव्हा त्यांना समजलेलं असतंच असं नाही. समोरचा बोलून दमलाय, एवढंच त्यांना समजलेलं असतं.

कागदवाला यायचा त्या दिवशी मामा त्याला ऑम्लेट-पाव द्यायचे, चहा द्यायचे, वर शिडी धरायचे. मामी खालून विचारायची, "काय म्हणतंय यंत्र?"

"अगं, उत्तम चाललंय," मामा म्हणायचे. "तळहाताच्या फोडासारखं जपतोय तुझं यंत्र."

मामी समाधानाने शिवणाच्या मशीनवर बसायची. वर्षभर ती याच आशेवर खोकली. बोटी येत होत्या, ढीग वाढत होता, आणि प्रत्येक काळ्या दिवसानंतर ती म्हणायची, येऊ दे, सगळं वर बसतंय कागदावर. आमच्या दुकानातून तिचा श्वासाचा पंप पूर्वीपेक्षा लवकर लवकर जायला लागला. मी रागावले की म्हणायची, "आता थोडेच दिवस गं. निकाल लागू दे."

निकाल लागला तो शाळेच्या हॉलमध्ये. व्यासपीठावर खात्याचे मोठे साहेब, शेजारी कंपनीचा मॅनेजर, कोपऱ्यात कागदवाला. समोर सगळं गाव. हॉलचे पंखे लावले तेव्हा पात्यांवरची काजळी पहिल्या तीन रांगांवर पडली. लोकांनी निमूटपणे खांदे झटकले. साहेबांनीही झटकले, आणि वाचायला सुरुवात केली. वर्षभराच्या मोजणीवरून या गावची हवा अत्यंत शुद्ध असल्याचं सिद्ध झालं आहे. पाणीही पिण्यास उत्कृष्ट. एवढे स्वच्छ नमुने आपल्या नोकरीत आपण पाहिले नाहीत, असं साहेब म्हणाले, आणि हॉलमध्ये बसलेलं निम्मं गाव एकदम खोकलं.

मामी उठून उभी राहिली. हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेला. "साहेब, माझ्या खिडकीतलं कापड एका दिवसात काळं होतं. तुमचा कागद वर्षभर पांढरा राहिला?" श्वास घ्यायला थांबली. "या तुमच्या माणसाने कंपनीचं मीठ खाल्लंय. कागद बदललेत याने."

कागदवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाव त्याच्याकडे वळलं, दोघंतिघं बाह्या सरसावून उठले. त्याची बाजू घ्यायला अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस उभा राहिला. आमचे मामा. ज्या माणसाला वर्षभर घरचं ऑम्लेट खाऊ घातलं, त्याच्यावर बालंट आलेलं त्यांना बघवेना.

"अगं, काय बोलतेस," मामा म्हणाले. "भला माणूस आहे तो. त्याने नाही बदलले. मीच बदलायचो."

हॉल चिडीचूप झाला. मामांना वाटलं, लोकांना नीट ऐकू आलं नाही. म्हणून त्यांनी आवाज चढवून सगळं सांगितलं. कागद दिवसाकाठी मळायचा. मळका कागद साहेबांच्या माणसाला दाखवायचा म्हणजे आपल्याला लाज. म्हणून कागदवाला यायच्या दिवशी सकाळी ते जुना कागद काढून नवा, कोरा घालायचे, पाहुण्याआधी चादर घालावी तसा. यंत्राभोवती पाणी शिंपडायचे. आणि पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या भरायला कागदवाला खाडीवर आणि विहिरीवर निघाला की त्याला उन्हात कशाला पाठवायचं, म्हणून त्या बाटल्या ते घरातूनच भरून द्यायचे. काचेच्या जगमधल्या गाळलेल्या पाण्याने. "नळाचं पाणी कसं देणार हो पाहुण्याला?" त्यांनी हॉललाच विचारलं.

कागदवाला स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मला तेव्हा मामांचा इतका राग आला की मी खिडकीबाहेर बघत बसले, आणि बाहेर तो ढीग होता.

मामीने साहेबांकडे वळून एवढंच विचारलं, "मग आता पुन्हा मोजाल ना?"

साहेब पोचलेले होते. पुन्हा मोजायचं म्हणजे वर्षभर काय मोजलं हे वर सांगणं आलं. त्यांनी चष्मा पुसला. "यंत्राची निगा उत्तम राखली गेली, ही कौतुकाचीच बाब आहे," ते म्हणाले. "आकडे मात्र प्रयोगशाळेचे आहेत. प्रयोगशाळेत केअरटेकर नसतो." मॅनेजरने टाळी वाजवली. कंपनीचे लोक वाजवू लागले. मॅनेजरने साहेबांसाठी आणलेला पुष्पगुच्छ उचलून मामांच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पाहुण्यांसाठी फुलं सजवली, पण मामांना फुलं मिळाली ती पहिल्यांदाच, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

घरी आल्यावर मामी बराच वेळ पाणी न पिता बसून होती. मामा गुच्छ धरून दारातच उभे.

"तुझंच यंत्र म्हणून मी जपलं गं," ते म्हणाले.

"जपलंत," मामी म्हणाली. "वर्षभर मी खोकले, ते सगळं त्या कागदांवर होतं. तुम्ही ते दर खेपेला काढून टाकलंत." आणि ती मशीनवर जाऊन बसली. रडली असती तर मामांना काहीतरी करता आलं असतं. पाणी आणून दिलं असतं, गाळून.

त्यानंतर मामांनी कुणाशी धड बोलणं सोडलं. कामं करायचे, पण फरशी पुसता पुसता मध्येच थांबून फडक्याकडे बघत राहायचे. एकदा मी विचारलं, काय बघताय मामा? म्हणाले, "हे मी कुठे टाकत होतो गं इतकी वर्षं?" मी म्हटलं, बादलीत. "आणि बादली?" गटारात, मामा. गटार खाडीत.

मग मोठे साहेब यंत्र उतरवून न्यायला आणि शेवटच्या सह्या करायला आले. मुक्काम अर्थातच विश्रामगृहात. त्याच दिवशी बोट लागलेली. सकाळपासून कोळसा उतरत होता आणि वारा आमच्याच बाजूचा. मी दुकानात जायला निघाले तेव्हा मामा विश्रामगृहाच्या पायरीवर बसलेले, हातात बादली नाही की फडकं नाही. आत डोकावले तर खिडक्या सताड उघड्या. चादर आदल्या आठवड्यात घातलेली, तशीच. पाण्याचा जग भरलेला होता, थेट नळाखाली धरून.

"मामा, साहेबांची गाडी येईल," मी म्हटलं.

"येऊ दे," मामा म्हणाले. "खोली तयार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बाहेर आले ते बनियनवर, हातात चादर घेऊन. चादरीवर ते झोपले होते तेवढीच जागा त्यातल्या त्यात कमी काळी राहिली होती. डोळे चुरचुरत होते, घसा बसला होता, आणि दात घासल्यावर थुंकलेलं काळं निघालं म्हणून ते घाबरले होते. साहेबांचं वजन बरंच आहे. घाबरल्यावर ते जास्तच जाणवतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हवा आहे, साहेब," मामा म्हणाले. मामांनी उलट उत्तर दिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते उठून उभेही राहिले नाहीत. "जगमध्ये पाणी आहे. काही केलेलं नाही त्याला. जसं येतं तसं ठेवलंय."

साहेब पुन्हा मोजतील, छप्पर घाला म्हणून सांगतील, निदान मामीची माफी मागतील, असं मला त्या क्षणी वाटलं. मी औषधांच्या दुकानात काम करते, माझं वय काही कमी नाही, तरीही वाटलं. साहेबांनी गाडीत बसून पत्र लिहिलं. विश्रामगृहात कमालीची अस्वच्छता आहे, खोलीत, अंथरुणावर आणि पिण्याच्या पाण्यात काळी भुकटी आढळली, मुक्कामामुळे श्वासाचा त्रास झाला, सबब केअरटेकरला तात्काळ कामावरून दूर करावं. गाडीच्या काचा बंद होत्या, म्हणून अक्षर चांगलं आलं होतं.

मामांना हुकूम आला, सोबत त्या पत्राची प्रत. नोकरी गेली, घर गेलं. कुठे लांब जावं इतकी ऐपत नव्हती. आम्ही ढिगाच्या मागच्या गल्लीत भाड्याने खोली घेतली, कारण तिथे भाडं कमी. का कमी, ते कुणी विचारू नये. मला वाटलं होतं मामी आता मामांना घालूनपाडून बोलेल. पण तिने ते पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"अहो, हे बघा काय लिहिलंय," ती मामांना म्हणाली. "अंथरुणावर काळी भुकटी. पाण्यात काळी भुकटी. श्वासाचा त्रास. साहेबाने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय." ती पुन्हा बायकांना गोळा करायला निघाली, दोन घरांमागे एकदा टेकत. पत्राच्या प्रती काढल्या, नवा अर्ज केला, सोबत साहेबांचं पत्र जोडलं. मामा प्रत्येक घरी तिच्याबरोबर गेले. तिची पिशवी धरून बाहेर उभे राहायचे, आणि कुणी हसलं तर हसू द्यायचे.

उत्तर यायला वेळ लागला. खोलीतल्या एकुलत्या खाटेवर बसून मामीने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं. आपण जोडलेल्या पत्राचं खात्याने बारकाईने अवलोकन केलं आहे. सदर काळी भुकटी ही केअरटेकरच्या हलगर्जीपणामुळे साठल्याचं त्या पत्रावरूनच स्पष्ट होतं. संबंधितावर कारवाई झालेली आहे. गावची हवा शुद्ध असल्याचं पूर्वीच सिद्ध झालं असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

म्हणजे गावातली घाण अखेर सरकारदरबारी नोंदली गेली. सगळीच्या सगळी, आमच्या मामांच्या नावावर.

मामीला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, आणि आला तो थांबेना. मी पंप शोधायला धावले, मामा तिची पाठ चोळत बसले. खोकला थांबला तेव्हा तिने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. त्यावर कोळसा होता, ओला, तिच्या आतला. मामांनी तो तिच्या हातातून घेतला आणि सवयीने मोरीकडे निघाले.

"थांबा," मामी म्हणाली. श्वास घेतला, पुन्हा घेतला. "तो धुऊ नका. बाकी सगळं तुमच्या नावावर गेलंय. एवढं तरी माझ्या नावावर राहू दे."